घाटात बँकर लावायचाय, डीसीसीची सुरुवात कुठून करू?

कर्जत_पळसदरी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे मॉडेल रेल्वेचा एचओ स्केलचा (खऱ्याच्या १/८७ आकाराचा) साधा स्टार्टर सेट आहे, लंबगोल ट्रॅक, दोन डिझेल इंजिनं, थोडे डबे आणि गोल बटण फिरवायचा तो पॉवर पॅक. मुलाची दहावी झाली, आता दोघांनी मिळून ८ बाय ४ फुटाच्या प्लायवर भोर घाट करायचा बेत आहे. डोक्यात चित्र एकच आहे, कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलायला जादा इंजिन म्हणजे बँकर लागतो, गाडी घाट चढते, लोणावळ्याला बँकर सुटतो आणि एकटाच खाली येतो. आत्ताच्या साध्या डीसी करंटवर हे होत नाही कारण बटण फिरवलं की दोन्ही इंजिनं एकदम निघतात. म्हणून डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, शिकायचंय, पण वाचायला बसलो की सीव्ही, बस, कन्सिस्ट असले शब्द येतात आणि गाडी अडते. जुना पॉवर पॅक चालेल का, जुन्या इंजिनांत डिकोडर (हुकूम वाचणारं छोटं सर्किट) बसेल का आणि पहिल्यांदा काय विकत घ्यायचं एवढं सांगा. मुलगा अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) वापरू म्हणतोय, ते खरंच चालतं का?

सोल्डर_फ्लक्स
दादा, बेत झकास आहे. आधी मूळ फरक समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप लागेल. डीसीमध्ये आपण रूळ चालवतो, रुळात जेवढे व्होल्ट सोडू तेवढं इंजिन पळतं. डीसीसीत रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओला साधारण १४-१५, आणि हुकूमही त्यातूनच जातो. व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असतं, त्यातला अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो १, आणि १०० किंवा जास्तीचा असेल तर ०. इंजिनातला डिकोडर हे सतत वाचतो आणि आपल्या नंबराचा हुकूम आला तरच हलतो. म्हणून तुमची गाडी कर्जतला उभी राहील आणि त्याच रुळावर बँकर मागून हळूच येऊन टेकेल. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामावरून अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेच्या संस्थेने नव्वदच्या दशकात याचं स्टँडर्ड केलं, त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर आरामात चालतो.

पॉवर पॅक रुळाला अजिबात जोडायचा नाही. तो आणि डीसीसीचं कमांड स्टेशन (रुळात हुकूम सोडणारा कंट्रोलर) एकाच रुळावर आले तर स्टेशन जळू शकतं, त्यामुळे जुन्या वायरी आधी काढूनच टाका. त्याच्यावर एसी टर्मिनल असेल तर घरांच्या आणि प्लॅटफॉर्मच्या दिव्यांना वापरा. तसंच डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर नुसतं उभंही करू नका, मोटर गुणगुणते आणि तापते.

आता इंजिनं. वरची बॉडी काढून बघा, आत ८ पिनांचं सॉकेट आणि त्यात छोटी डमी प्लेट दिसली तर ते डीसीसी रेडी आहे, म्हणजे डमी काढायची आणि डिकोडरची एक नंबरची पिन सॉकेटच्या एक नंबरच्या खुणेवर धरून लावायचा, झालं. (बॉक्सवर रेडी लिहिलंय म्हणजे आत डिकोडर आहे असं नाही, नवीन माणसाचा इथे हमखास घोळ होतो.) सॉकेट नसेल तर वायरी सोल्डर कराव्या लागतात. लाल आणि काळी चाकांतून रुळाचा करंट घेणाऱ्या पिकअपला, नारिंगी आणि राखाडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दोन्ही दिव्यांची कॉमन. यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश चासीला टेकलेला असतो आणि चासीतून रुळाचा करंट येतो, तो आधी पूर्ण वेगळा करायला लागतो. वायर लावायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक ब्रशला आणि दुसरं टोक आळीपाळीने दोन्ही बाजूंच्या चाकांना लावा, एकदाही बीप वाजता कामा नये. वाजला तर पहिल्याच पॉवरला डिकोडर गेला म्हणून समजा.

फिशप्लेट
सोल्डरभाऊंनी इंजिनाचं सांगितलं, मी रुळाचं सांगतो कारण डीसीसीच्या निम्म्या तक्रारी रुळातच असतात. एका जोडणीवर अख्खा लूप चालवायची सवय सोडा. प्लायच्या खाली दोन जाड वायरींची बस फिरवा, घरातल्या वायरिंगची १.५ स्क्वेअर एमएम चालते, आणि दर तीन-चार फुटांवर बारीक वायरने रुळाला फीडर द्या. रूळ जोडायचे जॉइनर नुसते सरकवून बसवलेले असतात, त्यांच्यावर करंटसाठी भरवसा नको. मग पॉवर चालू करून ट्रॅकवर ठिकठिकाणी एक नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाका, स्टेशनने प्रत्येक ठिकाणी लगेच ट्रिप व्हायला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात ट्रिप झालं नाही तर तिथे वायरिंग कमी पडतंय, आणि खरा शॉर्ट झाला की तिथेच डबे वितळतात.

सेटचा रूळ स्टीलचा आहे की निकेल सिल्व्हरचा ते बघा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत स्टील लवकर गंजतं आणि डीसीसीला गंज अजिबात चालत नाही, नवा घ्याल तो निकेल सिल्व्हरचाच घ्या. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, सँडपेपर लावायचा नाही, ओरखड्यांत घाण बसते.

आणि घाटाचा हिशोब. खरा भोर घाट ३७ ला १ आहे, म्हणजे मॉडेलमध्ये मीटरला २.७ सेंमी. खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायला ८ सेंमी तरी उंची लागेल, तर चढण जवळपास तीन मीटर होते आणि त्यात वळण आलं की ओढ वाढते. ८ बाय ४ मध्ये २२ इंच त्रिज्येचं वळण बसतं, १८ इंचांपर्यंत कमी करू नका, लांब डबे तिथे अडकतात.

कर्जत_पळसदरी
बाप रे, खूप मिळालं एकदम. दोघांपैकी एकात सॉकेट दिसलं, दुसऱ्यात नुसत्या वायरी आहेत. मल्टिमीटर लावला तर बीप वाजतोय, म्हणजे ब्रश चासीला आहेच. ते इंजिन सध्या बाजूला ठेवतो. आता कंट्रोलर कुठला ते सांगा, अर्डुइनोचं काय?

ओपन_सोर्स_नाशिक
चालतं आणि छान चालतं, मुलाला करू दे. डीसीसी-ईएक्स नावाचा ओपन सोर्स प्रकल्प आहे, अर्डुइनो मेगा, त्याच्यावर मोटर शील्ड (रुळाला करंट देणारा बोर्ड), वायफायसाठी एक छोटा बोर्ड आणि डीसी अडॅप्टर एवढंच सामान, जवळजवळ सगळं इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, कस्टम्सची भानगड नाही. शील्डच्या एका आउटपुटवर मेन ट्रॅक आणि दुसऱ्यावर प्रोग्रॅमिंग ट्रॅक, म्हणजे डिकोडरचे नंबर आणि सेटिंग बदलायचा रूळ. साध्या शील्डमध्ये दोनेक व्होल्ट खर्च होतात म्हणून १४-१५ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, १२ चा घेतलात तर घाटात इंजिन दमतं. अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर अ‍ॅप टाकलं की फोन हाच थ्रॉटल, म्हणजे वेग कमीजास्त करायचं बटण. मुलाला कोडमध्ये रस नसेल तर तयार सेट घ्या, रोकोचा झेड२१ किंवा एनसीईचा पॉवर कॅब, दोन्ही नवीन माणसाला पेलवतात, फक्त बाहेरून मागवताना ड्यूटी धरून बजेट करा. दोन-तीन इंजिनांना दोन-तीन अँपिअर पुष्कळ झाले, रुळाला जादा करंट देणाऱ्या मोठ्या बूस्टरच्या मागे लागू नका.

डबल_हेडर
बँकरचं मी सांगतो, मला हा विषय फार जवळचा आहे. नव्या डिकोडरचा नंबर ३ असतो, दोन्ही इंजिनं ३ वर ठेवलीत तर पुन्हा दोन्ही एकदम पळणार, म्हणून सगळ्यात पहिलं काम नंबर बदलायचं. इंजिनावर जो पाच आकडी नंबर रंगवलाय त्याचे शेवटचे चार आकडे अ‍ॅड्रेस म्हणून द्या, लक्षात राहतात. सीव्ही म्हणजे डिकोडरच्या आतली सेटिंगची खणं, प्रत्येकाला नंबर आणि आत एक आकडा. सीव्ही २९ ला सगळे घाबरतात पण ती नुसती बेरीज आहे: २८ किंवा १२८ स्पीड स्टेपसाठी (वेगाच्या पायऱ्या) २, डीसीवरही चालायला हवं असेल तर ४, चार आकडी नंबरासाठी ३२, आणि इंजिन उलट्या दिशेने जात असेल तर १. म्हणजे २ + ४ + ३२ = ३८. तुम्ही डीसी कायमचं सोडताय तर ४ काढून ३४ करा.

मग वेग जुळवणं. सपाट लूपवर दोन्ही इंजिनं हातभर अंतराने एकामागे एक सोडा, एकाच स्टेपवर, आणि अंतर कमी होतंय का वाढतंय ते बघत राहा. जे जोरात पळतंय त्याचा सीव्ही ५ कमी करा, तो टॉप स्पीड, मधला वेग सीव्ही ६ ने आणि अगदी सुरुवातीचा सीव्ही २ ने. सीव्ही ३ आणि ४ म्हणजे वेग घेणं आणि सोडणं, हे दोन्ही इंजिनांत आधी शून्य ठेवा, नाहीतर एक निघतं आणि दुसरं विचार करत बसतं. यात एक अख्खी संध्याकाळ जाते आणि ती जाऊ द्यावी, पुढे घाटात डबे रुळावर राहतात ते याच्यामुळेच.

आता बरेच जण सांगतील की दोन्ही इंजिनं कन्सिस्ट करा, म्हणजे सीव्ही १९ मध्ये एकच नंबर टाकून एका थ्रॉटलवर चालवा. डबल हेडिंगला, म्हणजे पुढेच दोन इंजिनं लावायला, ते ठीक, पण तुम्ही दोघं आहात! एका फोनवर तुम्ही पुढचं इंजिन घ्या आणि दुसऱ्या फोनवर मुलाला बँकर द्या. गाडी सुटताना तुम्ही सांगायचं, त्याने आधी थोडा रेटा द्यायचा, मग तुम्ही ओढायचं, चढणीवर एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याला डब्यांकडे बघूनच कळतं. डीसीसीची खरी गंमत यात आहे, आणि हे एका हाताने चालवण्यात कधीच येत नाही.

लोणावळ्याला सुटायचं सोपं करायचं तर बँकरच्या पुढच्या कपलरचा हुक काढून टाका, तो नुसता ढकलेल. वर पोचल्यावर मुलाने वेग कमी केला की गाडी पुढे निघून जाईल. खऱ्या घाटात बँकर जोडलेला असतो, तसंच हवं असेल तर पुढे कधीतरी मॅग्नेटवाले कपलर बसवा. मागून ढकलताना हलके डबे वळणावर उचलतात, म्हणून वजन भरा. एनएमआरएचा ठोकताळा असा की एचओच्या डब्याला १ औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे २४ सेंमीच्या डब्याला १६० ग्रॅमच्या आसपास. सगळे डबे सारख्या वजनाचे पाहिजेत, मधला एक जरी हलका राहिला तर तोच पडतो.

कर्जत_पळसदरी
दोन फोनची आयडिया मुलाला वाचून दाखवली, त्याने बँकर आधीच बुक केलाय 🙂 अर्डुइनोच करतोय, सामानाची यादी तो काढतोय. तोपर्यंत मी बस वायर टाकून नाण्याची टेस्ट करून घेतो. एकच राहिलं, प्रोग्रॅमिंग ट्रॅक वेगळा लागतोच का? लूपवरच नंबर बदलला तर?

डबल_हेडर
फूटभर रूळ वेगळा ठेवाच, लूपपासून पूर्ण तोडलेला. तिथे करंट मर्यादित असतो, म्हणून वायरिंग चुकलेलं इंजिन पहिल्यांदा तिथे ठेवलं तर डिकोडर बहुतेक वाचतो. तिथे नंबर लिहायचा हुकूम कुणाचंही नाव न घेता जातो, त्यामुळे एका वेळी एकच इंजिन ठेवा, दोन ठेवलीत तर दोघांनाही तोच नंबर लागेल. आणि लिहून झाल्यावर लगेच सीव्ही वाचून बघा, आकडा परत आला म्हणजे डिकोडर, मोटर आणि पिकअप तिन्ही ठीक.