शब्दाच्या पोटातली अक्षरं: तुम्ही कशी शोधता?

लेकीने परवा विचारलं, "आई, दोन यू शेजारी शेजारी असलेला इंग्रजी शब्द सांग." मला वाटलं, लगेच सांगेन. पण रात्री अंथरुणावर पडल्यावरही तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पाकिटावर 'व्हॅक्यूम पॅक्ड' छापलेलं दिसलं आणि मी तिथेच थांबले. व्ही-ए-सी-यू-यू-एम. शब्द रोजचाच, पण तो मधून उघडून बघायची मला सवय नव्हती.

याचं कारण पुढे वाचनात आलं. एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना विचारलं होतं: इंग्रजीत के हे अक्षर शब्दात पहिल्या जागी जास्त वेळा येतं की तिसऱ्या? बहुतेकांचा कल पहिल्या जागेकडे होता. प्रत्यक्षात के तिसऱ्या जागी जास्त येतं. 'किचन', 'काइट' पटकन आठवतात. 'मेक', 'लाइक', 'आस्क' यांच्यातही के आहे हे ध्यानातच येत नाही. मनात शब्द शिरायचं दार बहुतेक पहिल्या अक्षरालाच असतं.

ठरावीक अक्षरं असलेला इंग्रजी शब्द शोधायची वेळ तुमच्यावर कधी आली? नुसत्या याद्या नकोत. शोध कसा लागला ते लिहा.

*

मी गेली बारा वर्षं स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल जुळवून इंग्रजी शब्द लावायचा खेळ, खेळतोय. हातात सात टाइल आल्या की नवखा खेळाडू त्या उलटसुलट फिरवत बसतो. मी आधी त्या ए ते झेड अशा क्रमाने लावून घेतो. अक्षरं तीच असली की रांगही दर वेळी तीच दिसते, आणि माणसाच्या चेहऱ्यासारखी ती ओळखीची होत जाते. ए-ई-आय-एन-आर-एस-टी दिसलं की 'रिटेन्स' आणि 'नॅस्टिअर' दोन्ही समोर उभे राहतात. सातही टाइल एका चालीत लागल्या की ५० गुण जास्तीचे!

सरावासाठी 'रेटिना' हा शब्द घ्या आणि त्यात एकेक अक्षर मिसळा. जी घातलं की 'ग्रॅनाइट', सी घातलं की 'सर्टन', पी घातलं की 'पेंटर', डी घातलं की 'ट्रेन्ड'. पहिला आठवडा मला यातलं काहीही दिसत नव्हतं. नंतर बसमध्ये पाट्या वाचतानाही हात मनातल्या मनात टाइल हलवू लागले.

क्यू हातात आणि यू नाही, अशा वेळी 'क्यू-आय' लावा. उच्चार 'ची', चिनी विचारातली प्राणशक्ती. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या शब्दयादीत तो २००६ साली आला.

*

मी इंग्रजी शिकवते. 'सुपरसीड' या शब्दात मी स्वतः कित्येक वर्षं सी घालत होते, कुणी टोकलंही नाही. एका सुट्टीत शब्दकोश घेऊन बसले आणि 'सीड' असा शेवट ऐकू येणारी लॅटिन घराण्यातली क्रियापदं तीन रकान्यांत लिहिली. एस-ई-डी-ई असं संपणारं एकच निघालं: सुपरसीड. सी-ई-ई-डीवाली तीन: एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. उरलेली सगळी सी-ई-डी-ई: प्रिसीड, रिसीड, कन्सीड, इंटरसीड.

मूळ पाहिलं तेव्हा फार आनंद झाला. सुपरसीडच्या मुळाशी 'बसणे' या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे, बाकीच्यांच्या मुळाशी 'जाणे'. एक बसलेला, बाकीचे चालते. वर्गात आता मी नियम सांगत नाही, मुलांनाच रकाने भरायला देते.

*

एक्स-वाय-झेड सलग असलेला शब्द: हायड्रॉक्सिझिन. ॲलर्जीच्या खाजेवर देतात ते औषध. त्याची पाकिटं मी रोज हाताळतो, पण त्यातला हा क्रम परवा पहिल्यांदा दिसला.

*

माझं काम संगणकावरचं. युनिक्स या संगणकप्रणालीच्या बऱ्याच यंत्रांवर शब्दांची एक साधी फाइल असते, ओळीला एक शब्द, आणि तिच्यात शोधायला 'ग्रेप' ही कमांड. केन थॉम्प्सन यांची ही कमांड युनिक्समध्ये आली तेही १९७३ सालीच! मी तिला सांगितलं: ए, ई, आय, ओ, यू, याच क्रमाने, प्रत्येक एकदाच, मधे कोणतीही व्यंजनं. एन्टर दाबताच 'फसीशस' आणि 'ॲबस्टीमिअस' हजर.

पण खरं सांगायचं तर यंत्राने काढून दिलेले शब्द माझ्याजवळ राहिले नाहीत, आता लिहितानाही पुन्हा बघावे लागले. उलट्या क्रमाचा, यूपासून एपर्यंतचा शब्द मी कागदावर तीन संध्याकाळ शोधला. 'सबकॉन्टिनेन्टल'. तो मात्र कधीच विसरणार नाही.

*

मी गाणं शिकते. 'रिदम'मध्ये इंग्रजी स्वर कोणता, असं मैत्रिणीने विचारलं. देवनागरीत र-ला वेलांटी आहे, म्हणून मी बेधडक आय म्हटलं. लिहून बघा: आर-एच-वाय-टी-एच-एम. पाचांपैकी एकही नाही, सगळी भिस्त वायवर. 'मिथ', 'क्रिप्ट', 'लिंक्स' यांचंही तसंच. आपला कान तिथे वेलांटी ऐकतो, त्यामुळे असे शब्द डोळ्यांनीच शोधावे लागतात.

*

माझे बाबा आयुष्यभर इंग्रजी मुद्रितं तपासायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. हातपाय हळूहळू सावरले, शब्द मात्र अडकू लागले. तपासणीत त्यांना सांगितलं: एका मिनिटात एफने सुरू होणारे शब्द म्हणा, विशेषनामं चालणार नाहीत. मग ए, मग एस. एफचे तीन झाले आणि बाबा घड्याळाकडे बघत राहिले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

घरी आल्यावर मी जाड पुठ्ठ्यावर अक्षरं काढून कापली. 'एफ' पुढे केलं की ते मान हलवायचे. एका संध्याकाळी मी एफ आणि टी जोडून टेबलाच्या उजव्या कडेला ठेवले आणि डावीकडची जागा मोकळी सोडली. बाबा बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत होते. मग बोट टेकवून म्हणाले, "लिफ्ट." थोड्या वेळाने, "गिफ्ट." मग "सॉफ्ट".

उपचार करणाऱ्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्या बाजूने शब्द येतोय त्या बाजूने येऊ द्या, घाई करू नका. आता जेवणानंतर आम्ही रोज अर्धा तास बसतो. शेवट मी मांडते, सुरुवात ते शोधतात. काल एफ-टी मांडल्यावर त्यांनी डी, आर आणि ए स्वतः उचलून पुढे लावले, चष्मा काढला आणि मोठ्याने वाचलं, "ड्राफ्ट."