महाडचा २० मार्च : गाणी, नाटकं, रंग घेऊन गेलेल्यांनी लिहा

बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्यांसाठी खुलं व्हावं म्हणून जो सत्याग्रह केला, त्याला २० मार्च २०२७ ला शंभर वर्षं होतील. दर वर्षी कितीतरी जण पदरमोड करून महाडला गातात, पथनाट्यं करतात, चित्रं रंगवतात. शताब्दीला नव्यानं येणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल असं लिहा. काम कसं केलं ते सांगा.

शाहीर, माणगाव
आमच्या पोरांना पोवाडा ओंजळभर पाण्यावर संपवायचा होता. मी अडून बसलो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असं सांगणारा १९२३ चा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव, तळं खुलं करणारा १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, हे आधी आलंच पाहिजे. पाणी ठरावानं खुलं होतं, तरी प्यायला सत्याग्रह करावा लागला, ही खरी गोष्ट. आणि कोर्टातला झगडा १९३७ पर्यंत चालला, तेव्हा कुठे हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. तो पोवाड्याचा शेवटचा चौक, म्हणजे कडवं, आम्ही संथ लयीत घेतो. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांची नावंही घेतो, कारण सोबत उभे राहिलेले विसरू नयेत.

कोरसमधली, मुंबई
आम्ही सगळ्या घरकाम करणाऱ्या. काहींना वाचता येत नाही, त्या ऐकून पाठ करतात. डिसेंबर १९२७ च्या महाडच्या दुसऱ्या परिषदेवेळी बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले होते : लुगडं नेसायची जुनी तऱ्हा सोडा, मुलींना शिकवा. त्यावर आम्ही गाणं बांधलं. तालमीत एका आजींनी त्यांच्या आईसारखं आखूड लुगडं नेसून दाखवलं, आणि मग निऱ्या सोडून घोट्यापर्यंत आणल्या. तेवढंच आम्ही महाडला करतो. निऱ्या खाली आल्या की रांगेतल्या म्हाताऱ्या बाया जोरात टाळ्या वाजवतात. मला तरी याहून मोठी दाद नको.

डफवाला, कल्याण
एकाच वेळी अनेक स्टेज चालू असतात, कर्णे एकमेकांवर आदळतात. आम्ही माईक सोडला. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रांगेच्या कडेनं चालत गातो. गाणी आखूड ठेवा, ध्रुवपद लोकांना उचलता आलं पाहिजे. सावित्रीकाठची दमट हवा डफ सैल पाडते, रद्दी पेटवून तो शेकून घ्या. आणि पाणी जवळ ठेवा, मार्चमधलं ऊन फार असतं.

पुन्हा शाहीर
२५ डिसेंबरला, मनुस्मृती दहनाच्या दिवशी, महाडच्या क्रांतिस्तंभापाशी लोक जमतातच. शताब्दीआधी तिथेच सगळ्यांनी मिळून तालीम करू. आमच्याकडे ढोलकीवाला नाही. कुणी येतं का?