प्रतिसाद: उभारणीला कर्ज मिळतं, देखभालीचं काय?

'शहरातले सिग्नल एका नियंत्रण कक्षाशी जोडायला चौकाचौकांत फायबर केबल टाकण्यापेक्षा प्रत्येक सिग्नलच्या कंट्रोलरमध्ये (दिवे बदलणाऱ्या पेटीत) सिमकार्ड घाला, पैसे वाचतील' हा वरच्या प्रतिक्रियेतला मुद्दा मला अर्धाच पटला. ठरलेल्या वेळापत्रकावर चालणाऱ्या सिग्नलना सिमही लागत नाही. पेटीत जीपीएसवर चालणारं घड्याळ असलं की एकापाठोपाठ एक हिरवे दिवे जुळतात. पण गर्दी बघून वेळ बदलायची, तर नियंत्रण कक्षाशी संपर्क सतत हवा. मोबाईल नेटवर्क नेमकं मिरवणुकीच्या दिवशी मान टाकतं.

लॉस एंजेलिसने सिग्नल असे एकत्र जोडायला १९८४च्या ऑलिंपिकसाठी मोजक्या चौकांपासून सुरुवात केली. शहरभरचं काम संपायला २०१३ उजाडलं, तेही २००६च्या राज्य कर्जरोख्यांतून पैसा आल्यावर. मुंबईतही सिग्नल एकत्र जोडायचं काम जागतिक बँकेच्या कर्जावरच्या एमयूटीपीत (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात) धरलं होतं.

पण पुढे काय? वाहनं मोजणारी तार डांबरात खाच पाडून बसवतात. रस्त्याचा थर खरवडला की पहिली तीच तुटते, आणि दुरुस्ती कोणाच्या खात्यातून यावर कागद फिरत राहतात. तोवर तो चौक आंधळाच. म्हणून ही तार पुन्हा बसवायचा खर्च डांबरीकरणाच्या निविदेतच धरायला हवा. पुढच्या अंदाजपत्रकाआधी नगरसेवकांकडे आपण सगळ्यांनी मिळून एवढी एक मागणी लावून धरूया.