आधी स्ट्रट की आधी स्प्रिंग? गाडी खाली करणाऱ्यांनो, बोला

वळणवेडा
सेडान खाली करायची, म्हणजे तिची उंची कमी करायची म्हटलं की बहुतेक जण आधी स्प्रिंग घेऊन येतात. खोक्यावर '३५ मिमी' छापलेलं असतं, फोटोत चाक आणि कमानीतली फट गायब असते, विषय संपला. स्ट्रट (स्प्रिंगच्या आत बसणारा शॉक ॲब्सॉर्बर) मात्र गाडीबरोबर आले तेच. मीही हेच केलं आणि आता पस्तावतोय.

चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत उंची मोजून ठेवली होती (जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवासुद्धा आकडा फिरवते). आधी पुढे ३८५ मिमी होती, आठवडाभर गाडी चालून स्प्रिंग बसल्यावर ३४६. म्हणजे ३५ नव्हे, ३९ खाली. काम करताना पिस्टन रॉडला एक झिपटाय सैलसर बांधून ठेवली होती, चाक किती वर जातं ते कळावं म्हणून. दोनशे किलोमीटरनंतर धूळटोपी वर सरकवून पाहिलं तर टाय बंप स्टॉपमध्ये (चाक फार वर जाऊ नये म्हणून असलेल्या फोमच्या ठोकळ्यात) रुतलेली. मूळ उंचीला बंप स्टॉप लागेपर्यंत ७८ मिमी चाल (चाकाला वर जायला मोकळी जागा) होती, आता बरोब्बर निम्मी उरलीय. गतिरोधकावर गाडी उसळत नाही, आपटते.

माझं मत: आधी आखूड बॉडीचा स्ट्रट ठरवा, तो किती खाली जाऊ देतो ते बघा, मग त्याला शोभेल अशी स्प्रिंग. आखूड स्ट्रट मिळत नसेल तर गाडी आहे त्या उंचीवर सुखात ठेवा.

काटेकोर
असहमत. आणि एक साधा प्रश्न: ते जुने स्ट्रट किती चालले होते?

हिशोब बघा. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर डँपिंगची (स्प्रिंगची उसळी शमवण्याची) गरज ३० टक्क्यांनी वाढत नाही, वर्गमुळाने वाढते. म्हणजे साधारण १४ टक्के. एवढा फरक धडधाकट मूळ स्ट्रट बहुतेक वेळा निभावून नेतो. २५ मिमी उतरणारी स्प्रिंग आणि नवे मूळ स्ट्रट ही जोडी मी स्वतः वापरतोय, तक्रार शून्य. दमलेल्या स्ट्रटवर नवी स्प्रिंग चढवायची आणि मग स्प्रिंगच्या नावाने बोटं मोडायची, हे बरोबर नाही.

वळणवेडा
८२ हजार किलोमीटर. पकडलंत, मान्य.

पण तुम्ही डँपिंगचं बोलताय, माझं रडगाणं चालीचं आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या पटीत असते. त्यामुळे चाल निम्मी झाली की तोच खड्डा बंप स्टॉप न लागता पचवायला स्प्रिंग चौपट कडक हवी. बाजारातली लोअरिंग स्प्रिंग चौपट सोडा, दुप्पटही कडक नसते. असती तर कोणी बसलं नसतं गाडीत. नवा स्ट्रट घाला की जुना, मूळ मापाचा असेल तर चाल तीच. बिल्स्टाइन या शॉक ॲब्सॉर्बर कंपनीने बी६ मूळ उंचीसाठी आणि बी८ आखूड, खाली केलेल्या गाडीसाठी, असे दोन वेगळे उगाच ठेवले असतील का?

काटेकोर
चौपट हा आकडा ३९ मिमीचा आहे. तुमच्याच गाडीत २५ धरा: ७८ मधून ५३ उरतात आणि तीच आकडेमोड सव्वादोनपटीच्या आत येते. शिवाय यात स्ट्रटचा वाटा धरलेलाच नाही.

आणि बंप स्टॉपला खलनायक करू नका. तो फोमचा असतो, दबत जाईल तसा कडक होतो, ती एक दुसरी स्प्रिंगच आहे. कित्येक गाड्यांत तो मूळ उंचीलाही जोरदार वळणात टेकतो, आणि तसाच बेतलेला असतो. चूक होते ती लोक तो अर्धा कापतात तेव्हा. मूळ लांबीच्या ट्विन ट्यूब (एका नळीत दुसरी नळी असलेल्या) स्ट्रटमध्ये स्टॉप कापला की पिस्टन थेट तळाच्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. स्प्रिंगसोबत कंपनीने छोटा स्टॉप दिला असेल तर तो लावा, घरी करवत घेऊन बसू नका.

फट_नको
एवढं गणित वाचून डोकं गरगरलं. मला गाडी रेसला न्यायची नाही, ती फट डोळ्यात खुपते एवढंच. मित्राने मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून घेतला, गाडी झकास दिसते. त्यात वाईट काय?

गॅरेजवाला तात्या
सांगतो काय वाईट. सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते, तेवढ्यावर कोणी मरत नाही. पण स्प्रिंगचं टोक स्ट्रटच्या बशीत बसेल असं वळवलेलं असतं, ते गेलं. कापलेलं टोक बशीवर तिरकं टेकतं. त्यात गाडी जॅकवर घेतली, चाक लोंबलं, की आखूड झालेली स्प्रिंग बशीत सैल पडते, हाताने फिरते. चालत्या गाडीचं चाक खड्ड्यात लोंबलं तर तेच होणार. मित्राची गाडी उचलून एकदा स्प्रिंग हलवून बघ, पुढचं मला सांगायला नको. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगमध्ये ते जवळजवळचे वेढे कशाला असतात? गाडीच्या वजनाखाली ते मिटून जातात, पण चाक लोंबलं की उघडून स्प्रिंग जागेवर धरून ठेवतात.

आता माझ्याकडे रोज येणारं दुखणं, जे वरच्या दोघा गणितज्ञांनी लिहिलंच नाही. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा. त्याच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळतात. रबर लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी उतरली की कायमचं पिळलेलं राहतं. काही महिन्यांत बुश फाटतो आणि दोष स्प्रिंगला. बोल्ट सैल ठेवा, गाडी चाकांवर घ्या, चारदा दाबून हलवा, मग आवळा. स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंट आणि बेअरिंगही नवं घाला, तीच मेहनत दुसऱ्यांदा कशाला करायची? अलाइनमेंट स्प्रिंग बसल्यावर. कॅम्बर (चाकाचा उभा कल) थोडा निगेटिव्ह गेला, म्हणजे चाकाचा माथा आत झुकला, तर लोक घाबरतात, पण टायर जास्त खातो तो टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळलेली असणं.

उलटतपासणी
मला मूळ कल्पनाच पटत नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाकाचा वरचा आधार स्ट्रटच असतो अशी रचना) असलेली गाडी खाली केली की गुरुत्वमध्य ३० मिमी खाली येतो खरा, पण रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलंडते तो) त्याहून जास्त घसरतो. दोघांमधलं अंतर, म्हणजे गाडीला कलंडवणारा दांडाच म्हणा, वाढतो. स्प्रिंगच्या कडकपणातला बराच भाग हे नवं कलंडणं थोपवण्यातच खर्च होतो. लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसू लागला की वळणात मिळणारा कॅम्बरही आटतो. वळणात मजा हवी असेल तर चांगले टायर आणि जाड अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलंडणं रोखणारा दांडा) घ्या. उंची आहे ती राहू द्या.

वळणवेडा
रोल सेंटरचं खरं आहे, माझा आर्म आता अगदी तसाच वर चढलेला दिसतो. पण जाड बार एका चाकाचा दणका दुसऱ्या चाकाला पोचवतो, वाकड्यातिकड्या रस्त्यावर गाडी डोकं हलवत चालते. तेही फुकट नाही.

कोनी कंपनीचे ॲडजस्टेबल शॉक ॲब्सॉर्बर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यांच्या पिवळ्यांचा खटका फक्त रिबाउंड (चाक परत खाली येतानाचा अडथळा) बदलतो, चाल वाढवत नाही. एकाने तो पूर्ण आवळला होता. ओळीने दणके आले की चाक खाली यायला वेळच मिळेना, गाडी दर दणक्याला थोडी थोडी खाली बसत शेवटी बंप स्टॉपवर. तो म्हणे स्प्रिंग मऊ आहे, अजून कडक घेतो!

काटेकोर
आणि आखूड स्ट्रटचा तोटा कोण सांगणार? स्टॉप उशिरा लागतो म्हणजे चाक तेवढं जास्त वर जातं. रुंद टायर असेल तर आतल्या प्लास्टिकला घासतो. तेव्हा 'आखूड नसेल तर करूच नका' हे मला अजूनही मान्य नाही. २५ मिमीपर्यंत नवा मूळ स्ट्रट, त्यापुढे आखूड.

वळणवेडा
३० ला काय कराल?

काटेकोर
३० ची घेणार नाही. खोक्यावर ३५ लिहून तुम्हाला ३९ मिळाले, मग ३० चे किती होतील?

फट_नको
मोजून आलो. पुढे बंप स्टॉपपर्यंत ६१ मिमी आहेत, तेही गाडीत एकटा मी. मागे तिघं आणि सामान भरलं तर मागची चाल किती उरते ते रविवारी घरच्यांना बसवून बघणार. मित्राची गाडीही उचलली, तात्या. स्प्रिंग दोन बोटांनी फिरली.