इचिरोच्या ४३६७ हिट : विक्रम की नुसती बेरीज?

तिसरा पंच (धागाकर्ता)

शेजारच्या धाग्यावर 'खरा स्कोअर' यांनी जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीविषयी लिहिलेले तीन परिच्छेद वाचून गप्प बसणे मला जमले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : त्याच्या हिटचा (हिट म्हणजे चेंडू मारून निदान पहिल्या थांब्यापर्यंत, पहिल्या बेसपर्यंत, सुखरूप पोचणे) ४३६७ हा आकडा फुगवलेला आहे, कारण त्यातल्या १२७८ हिट जपानी लीगमधल्या, म्हणजे दुय्यम दर्जाच्या आहेत, अमेरिकेतल्या ३०८९ पैकी बहुतेक नुसत्या सिंगल, म्हणजे एकाच बेसपुरत्या, आहेत, आणि २०२५ साली हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सन्मान-दालनाच्या, ३९४ मतदारांपैकी ज्या एकाने त्याला मत दिले नाही, तेवढाच काय तो शुद्धीवर होता.

शेवटच्या विधानाला उत्तर देण्याचे कारण नाही. पहिल्याला मात्र आहे. कोबेच्या ओरिक्स ब्लूवेव्ह संघाच्या आधीच्या व्यवस्थापकांना या पोराची पाय झुलवत मारण्याची पद्धत पसंत नव्हती, म्हणून त्याला दुय्यम संघात धाडले गेले. १९९४ साली अकिरा ओगी आले, त्यांनी त्याला रोज खेळवले, आणि वीस वर्षांच्या इचिरोने १३० सामन्यांत २१० हिट मारल्या. तोवर जपानमध्ये एका हंगामात कोणीही दोनशेचा टप्पा गाठला नव्हता. सामन्यामागे हे प्रमाण १.६२ पडते. दहा वर्षांनी, २००४ साली, त्याने सिॲटल मरिनर्सकडून १६१ सामन्यांत २६२ हिट मारून जॉर्ज सिस्लरचा १९२० पासून अबाधित असलेला २५७ चा विक्रम मोडला. तिथे प्रमाण १.६३ पडते. जपानी पिचर (चेंडू फेकणारे) एवढे मवाळ असते, तर समुद्र ओलांडल्यावर हा वेग कोसळायला नको होता काय?

आणि ज्या हिटना आपण दुय्यम म्हणता, त्यातल्या काही १९९५ च्या आहेत. त्या वर्षीच्या जानेवारीत भूकंपाने कोबे उद्ध्वस्त झाले, आणि बाहीवर 'गाम्बारो कोबे' हे शब्द मिरवत त्याच शहराच्या संघाने त्या हंगामात जपानच्या दोन लीगांपैकी पॅसिफिक लीग जिंकली. पुढच्या वर्षी त्यांनी योमिउरी जायंट्सना हरवून जपान सिरीज, म्हणजे देशाचे विजेतेपदही मिळवले.

खरा स्कोअर

भूकंपाविषयी मलाही वाईट वाटते, पण भूकंपाने पिचरचा चेंडू वेगवान होत नाही.

धागाकर्त्यांनी दोन्हीकडचा एकेक सर्वोत्तम हंगाम उचलून शेजारी ठेवला, याला हिशेब म्हणत नाहीत. संपूर्ण कारकीर्द पाहिली तर जपानमध्ये सरासरी (मारण्याच्या संधींमागे हिटचे प्रमाण) .३५३ आणि अमेरिकेत .३११ आहे. टफी ऱ्होड्स घ्या : अमेरिकेत एकूण १३ होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) मारणारा हा गृहस्थ जपानमध्ये ४६४ मारतो, आणि २००१ साली ५५ मारून जपानचे होम रनचे बादशहा खुद्द सादाहारू ओह यांच्या हंगामी विक्रमाशी बरोबरी करतो. दोन्ही लीग एकाच तोलाच्या असत्या, तर हे घडले असते का?

रणजीत काढलेल्या धावा आपण कोणाच्या कसोटीतल्या धावांत मिळवत नाही. मग २०१६ च्या जूनमध्ये सॅन डिएगोत इचिरो ४२५७ वर पोचला, तेव्हा मेजर लीगमधला (अमेरिकेची सर्वोच्च लीग) हिटचा विक्रमवीर पीट रोझ याच्या ४२५६ च्या वर त्याला बसवण्याची घाई कशासाठी झाली? आता त्याच्या शाळेतल्या हिटही मोजा, असे रोझ तेव्हा म्हणाला होता, आणि माणूस कितीही वादग्रस्त असला तरी हे त्याचे बोलणे रास्त होते. शिवाय रोझच्या मायनर लीगमधल्या, म्हणजे तिच्या खालच्या लीगांमधल्या, ४२७ हिट धरल्या, तर त्याची बेरीज ४६८३ होते.

तिसरा पंच

कसोटीत मिळवत नाही, हे खरे. परंतु क्रिकेटमध्ये प्रथम श्रेणीचा वेगळा रकाना आहे, ज्यात रणजीही येते आणि कसोटीही येते. बेसबॉलने तसा रकाना केलाच नाही, म्हणून ४३६७ या आकड्याला राहायला घर नाही. मी त्याला मेजर लीगचा विक्रम कुठेच म्हटलेले नाही. दोन्ही देशांतली बेरीज म्हटली की कोणी ना कोणी खोट काढणारच, असे स्वतः इचिरोनेच त्या दिवशी सांगितले होते. आपण त्याचे भाकीत खरे करत आहात, एवढेच.

सरासरीबद्दल म्हणाल, तर अमेरिकेतली .३११ ही पंचेचाळिशीपर्यंत खेळत राहिलेल्या माणसाची आहे. पहिली दहा वर्षे पाहा : २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षे दोनशेहून अधिक हिट, आणि त्याच दहाही वर्षी गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार.

वायव्येकडून

मी २००३ पासून सिॲटलजवळ राहतो आणि १ ऑक्टोबर २००४ च्या सामन्याला मैदानात होतो. पहिल्या इनिंगमध्ये उंच उसळलेला चेंडू तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून गेला आणि सिस्लरच्या विक्रमाशी बरोबरी झाली. तिसऱ्या इनिंगमध्ये एक सरळ मधून गेला आणि विक्रम झाला. सिस्लरची वृद्ध कन्या प्रेक्षकांत बसली होती, आणि इचिरो खेळ थांबवून तिच्याशी हस्तांदोलन करायला गेला. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे "नुसत्या सिंगल" असे कोणी म्हटले की माझे डोके फिरते. पहिल्या बेसकडे धावत सुटलेला तो माणूस पाहिल्यावर आतले क्षेत्ररक्षक चेंडू पकडण्याआधीच गडबडत असत.

खरा स्कोअर

आपण तिथे होतात, याबद्दल अभिनंदन. त्या २६२ पैकी २२५ सिंगल होत्या आणि त्या वर्षी मरिनर्स ९९ सामने हरले, हेही आपण डोळ्यांनी पाहिले असेलच.

स्पष्टवक्ती

या सगळ्या आकडेमोडीत कोणीच बोलत नाही, ते मला बोलायचे आहे. या कारकिर्दीचे गोडवे गाताना तिची सुरुवात कशी झाली, हे झाकून ठेवले जाते. इचिरोने सहावीत लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. तिसरीपासून वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ३६० दिवस आपण कठोर सराव करतो, असे त्यात ते मूल लिहिते. बाप रोज मैदानावर नेऊन शेकडो चेंडू मारायला लावत असे. पुढे मोठेपणी इचिरोने स्वतःच सांगितले की ते छळाच्या जवळ जाणारे होते आणि आपल्याला फार सोसावे लागले. हे वाचून इथले किती बाप आपल्या पोराला पहाटे पाचला उठवणार आहेत?

हे मी ऐकीव लिहीत नाही. माझ्या भाच्याला त्याच्या वडिलांनी आठव्या वर्षी क्रिकेटच्या शिबिरात घातले. चौदाव्या वर्षी त्याने किट माळ्यावर टाकले, आणि आजही घरात सामना लागला की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो.

नागोया-निवासी

ताई, आपल्या भाच्याबद्दल वाईट वाटले, परंतु आपण निबंध अर्धाच सांगितला. त्यात पुढे तो मुलगा चुनिची ड्रॅगन्स किंवा सेईबू लायन्स या व्यावसायिक संघांत जायचे ठरवतो, करारापोटी दहा कोटी येन मिळवण्याचे लक्ष्य लिहितो, आणि आपल्याला मदत केलेल्यांना सामन्याची निमंत्रण तिकिटे पाठवीन, असेही म्हणतो. मार खाऊन गप्प झालेले मूल असे लिहीत नाही. मी कामानिमित्त अनेक वर्षे नागोयात राहिलो आहे. इचिरोचे गाव तोयोयामा तिथून फार लांब नाही. ज्या बॅटिंग सेंटरवर बापलेक जात, तसल्या ठिकाणी संध्याकाळी आजही वडील जाळीबाहेर उभे असतात आणि पोरगे आत शंभरावा चेंडू मारत असते. त्यातली बरीच पोरे हसत बाहेर पडताना मी पाहिली आहेत.

स्पष्टवक्ती

महोदय, हसत बाहेर पडलेल्या पोरांची गणती आपण केलीत. न हसणारी पोरे तिथे पुन्हा आलीच नसतील, हे आपल्या लक्षात आले नाही. सोसणाऱ्याने स्वतः "सोसले" असे सांगितल्यावर, नाही, तो आनंदात होता, हे ठरवणारे आपण कोण?

कडबोळे

माझ्या वडिलांनी मला तबल्यावर असेच बसवले होते. बोटे सुजत. आज चार पैसे त्यावरच मिळवतो आणि वडिलांचा फोटो रियाजाच्या खोलीत लावला आहे. प्रत्येक कडक बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही नवी टूम मला मान्य नाही.

स्पष्टवक्ती

आपल्या सुजलेल्या बोटांनी माझ्या भाच्याचे किट माळ्यावरून खाली येत नाही.

वायव्येकडून

दोघांनीही जरा थांबावे, ही विनंती. बापाने घडवला, हे गृहीतकच मला अपुरे वाटते. तसे असते तर बाप मैदानाबाहेर गेल्यावर हा माणूस सैल पडला असता. निवृत्तीनंतर, पन्नाशीच्या आसपास, तो कोबेच्या हौशी संघातून शालेय मुलींच्या निवडक संघाविरुद्ध पिचिंग करतो, आणि तेही थट्टेवारी न नेता पूर्ण ताकदीने. ते त्याला कोणी करायला लावलेले नाही.

स्पष्टवक्ती

लहानपणी अंगात मुरवलेली गोष्ट पुढे कोणी न सांगताही माणूस करतो. हा पुरावा आपल्या बाजूचा आहे की माझ्या, ते आपणच ठरवा. मात्र त्या मुलींविरुद्ध तो हातचे राखून खेळत नाही, एवढे मला आवडले, हे नाइलाजाने नोंदवते.

खरा स्कोअर

बालसंगोपनाचे शिबिर आटोपले असेल, तर मूळ मुद्द्यावर येतो. धागाकर्त्यांची वेगळ्या रकान्याची सूचना मी उदार मनाने मान्य करतो. फक्त त्या रकान्यात सगळे व्यावसायिक सामने धरले, तर पहिल्या क्रमांकावर रोझ ४६८३ सह बसतो आणि आपला इचिरो दुसरा येतो. हार तयार ठेवा.

तिसरा पंच

मायनर लीग ही उमेदवारी असते, आणि जपानी लीग हा एका देशाचा सर्वोच्च खेळ आहे. या दोन्ही एका पारड्यात टाकणे आपल्यालाच सुचू शकते. तरीही तसेच करायचे असेल, तर १९९२ साली ओरिक्सच्या दुय्यम संघाकडून खेळताना त्याने त्या लीगमध्ये सर्वाधिक सरासरी मिळवली होती. त्याही हिट शोधून आणा, बेरीज करा आणि मग हाराचे बोला.