जीन्सचा धागा आतून पांढरा का?

राजवाडा_इंदूर: जीन्सची दुमड उसवली की निळा धागा आतून पांढरा निघतो. रंग कच्चा का? आणि खिशाला तांब्याच्या टिकल्या कशाला?

ताणाबाणा: कच्चा नव्हे, वरवरचा. नीळ पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइट ही रसायनं घातली की ती विरघळते आणि हौद पिवळट-हिरवा होतो. सूत बुडवून हवेत काढलं की निळं पडतं. असं बरेचदा करूनही रंग गाभ्यापर्यंत जात नाही. घासलं की पांढरं दिसणारच. शिवाय ताणा (उभे धागे) निळा, बाणा (आडवे धागे) पांढरा. म्हणून उलटी बाजू फिकी.

काजबटण: टिकल्या काय म्हणता, रिव्हेट! खिशाचे कोपरे उसवू नयेत म्हणून जेकब डेव्हिस या शिंप्याने ठोकले. कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासोबतचं पेटंट 20 मे 1873 चं.

राजवाडा_इंदूर: आणि डंगरी?

ताणाबाणा: ती आपली, मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड. डेनिमचं नाव मात्र फ्रान्सच्या नीम शहरावरून आलं म्हणतात.

काजबटण: सॅनफोराइज न केलेली, म्हणजे कापड कारखान्यातच आधी आटवून न घेतलेली जीन्स धुतल्यावर 10 टक्क्यांपर्यंत आटते. आधी भिजवून वाळवा, मगच शिंप्याकडे उंची कमी करायला द्या. उलट केलंत तर घोट्याच्या वर जाईल.