एकांकिकेसाठी मदत हवी: 1971 च्या युद्धात मिलिटरी हॉस्पिटलचा वॉर्ड कसा असायचा?

नेपथ्यवाला:
आमच्या कॉलेजची एकांकिका डिसेंबर 1971 मध्ये, पश्चिम सीमेजवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात घडते. सुरुंगाने पाऊल गेलेला जवान येतो, सर्जन घाईघाईने जखम शिवतात, सिस्टर सलाईन लावून रात्रभर त्याच्या उशाशी बसते. प्रेक्षकांत माजी सैनिक असणार, म्हणून धाकधूक आहे. काय चुकतंय?

साताऱ्याची सिस्टर:
मी तेव्हा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते, पोस्टिंग पंजाबात. बाळा, आधी ते शिवणं काढ. युद्धातली जखम अशी लगेच शिवत नाहीत. सुरुंगावर पाय पडला की माती, बुटाचं चामडं, पँटच्या चिंध्या पार पोटरीच्या मांसात वर घुसतात. ते आत ठेवून वरून टाके घातले की सडलंच म्हणून समज. सर्जन मेलेलं मांस कापून काढतात, धुतात, जखम उघडीच ठेवून गॉज भरतात. चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तरच टाके.

तेवढे दिवस ती जखम आमच्या ताब्यात. सगळ्यात धास्ती गॅस गँग्रीनची, म्हणजे जंतूंमुळे मांस सडून आत वायू धरण्याची. ताप बेताचाच, पण नाडी मात्र पळत सुटलेली. जखमेच्या कडेला बोट दाबलं की कातडीखाली बारीक चरचर लागते. लागली की तसंच पळत सर्जनकडे, रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही.

आणि उशाशी रात्रभर कोण बसणार रे? खाटा दाटीवाटीने, मधल्या वाटेतही स्ट्रेचर. पेनिसिलिन ठरल्या वेळी प्रत्येकाला, काचेच्या सिरिंजा उकळून. सलाईनही काचेच्या बाटलीतून. प्लास्टिकची पिशवी टांगलीस तर पहिल्या रांगेतले म्हातारे हसतील. ब्लॅकआऊटमुळे खिडक्या झाकलेल्या. त्या थंडीत ओलं प्लास्टर वाळता वाळत नसे, पोरं कुडकुडायची. प्लास्टरबाहेरची बोटं दाबून बघायची: पांढरी पडून परत गुलाबी झाली तर ठीक, गार निळी दिसली तर प्लास्टर कापायचं.

खडकीकर:
सिस्टरना सलाम. पुढचा अंक पुण्यात घेता येईल. कृत्रिम अवयव केंद्र इथे 1944 पासून आहे, 71 च्या लढाईत पाय गमावलेल्यांना इथेच पाय बसवले गेले. मेजर जनरल इयान कार्डोझो त्यांपैकीच. सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांचंही वाच. 1965 च्या युद्धात जखमी झाले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. तुझा नायक झुरत बसलेला दाखवू नकोस एवढंच.

नेपथ्यवाला:
आजी, शिवण्याचा प्रसंग काढला. पण तोच आमचा क्लायमॅक्स होता, आता नाट्य कुठून आणू? शिवाय शेजारच्या खाटेवर जखमी पाकिस्तानी युद्धकैदी ठेवला तर चालेल का?

साताऱ्याची सिस्टर:
कैदी चालेल, पण पहारेकरी दाखव. बाकी औषध तेच, पट्टी तीच, जिनिव्हा कराराप्रमाणे. आमच्याकडे एक होता, सुईला जाम घाबरायचा. आपली पोरं त्याला हसायची आणि स्वतःची पाळी आली की तीही तोंड फिरवायची.

क्लायमॅक्स चौथ्या दिवशी घे. सर्जन पट्टी उघडणार. आत लाल, ताजं मांस दिसलं तर टाके, काळं दिसलं तर पाय आणखी वरून कापायचा. जवानाला हे ठाऊक असतं. तो जखमेकडे बघत नाही, सिस्टरच्या तोंडाकडे बघतो. म्हणून आम्हाला चेहरा कोरा ठेवायची सवय लावलेली. तुझी नटी तिथे रडली तर सगळं फुकट.

आणि पट्टी ओढून काढू देऊ नकोस तिला. चिकटलेलं गॉज सलाईनने भिजवायचं, थांबायचं, मग कडेने सोडवत जायचं. दोन मिनिटं जातात, जाऊ देत.